करुणेला धर्माची अट, कायद्याला नावाची

महागावच्या शेजारचा तालुका म्हणजे आर्णी. या तालुक्यातील शेंदुरसनी हे गाव २०२५ च्या डिसेंबरपर्यंत जिल्ह्याबाहेर कोणाच्या खिजगणतीत नव्हते. वस्ती जेमतेम दीड हजार. या गावाच्या ग्रामपंचायतीच्या नावावर सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ या तीन महिन्यांत सत्तावीस हजारांहून अधिक जन्मांची ऑनलाइन नोंद झाल्याचे उघडकीस आले आणि एका रात्रीत शेंदुरसनी देशाला माहीत झाले. दीड हजारांच्या गावात तीन महिन्यांत सत्तावीस हजार बाळंतपणे! पोलिसांत गुन्हा दाखल झाला, विशेष तपास पथक नेमले गेले. संगणकाचा आयडी गावचा, पण बोटे मात्र परमुलखातली, असा हा कारभार.

या प्रकरणात कायद्याने काय करावे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ज्याने खोटे दाखले तयार केले, ज्याने विकले आणि ज्याने डोळे मिटून घेतले, त्यांना शोधून काढावे व शिक्षा व्हावी. खोट्या कागदाचा फटका कोणाला बसतो हे आमच्याइतके कोणाला ठाऊक आहे? राखीव जागांवर बोगस प्रमाणपत्रे घेऊन बसलेली माणसे तीस तीस वर्षे नोकऱ्या करून पेन्शनीत निघाली, तेव्हा खऱ्या हक्कदाराचा मुलगा मजुरीला जात होता. अशांना नोकरीत संरक्षण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०१७ मध्ये सांगावे लागले. तेव्हा खोट्या दाखल्याची कीव करा असे आंबेडकरी माणूस म्हणणार नाही.

परंतु शेंदुरसनीची बातमी महागावच्या बसस्टँडवर आली तेव्हा लोकांच्या तोंडी खोटा दाखला हा विषयच नव्हता. विषय होता ‘बांगलादेशी’. भाजपचे माजी खासदार किरीट सोमय्या यांनी जानेवारी २०२५ पासून मालेगाव, अमरावती, अकोला असे जिल्हे फिरून उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यांची मोहीम चालवली होती. ‘बांगलादेशी-रोहिंग्या’ हा जोडशब्द तेव्हापासूनच आमच्या भागात रुळलेला. त्यामुळे तपास सुरू होण्याआधीच चहाच्या टपरीवर निकाल लागला होता. एकजण म्हणाला, सगळ्यांना ट्रकमध्ये भरा आणि सीमेवर नेऊन सोडा. दुसऱ्याने त्यात दुरुस्ती सुचवली : त्यातले आपले हिंदू असतील त्यांना ठेवा, ते बिचारे छळ सोसून आलेले असतात. पहिल्याने मान डोलावली. दुरुस्ती एकमताने मंजूर!

हे दोघेही भले गृहस्थ आहेत. सप्ताहात पंगतीला वाढायला पुढे असतात, उन्हाळ्यात पाणपोई लावतात. भुकेल्याला घास द्यावा आणि दारी आलेल्याला हाकलू नये, हे त्यांच्या धर्माने त्यांना शिकवले आहे आणि ते ते पाळतातही. मग ही शिकवण पैनगंगेपर्यंत जाते आणि पद्मेपर्यंत का पोचत नाही? धार्मिक नीतीचे हेच तर दुखणे आहे. ती माणसाला दयाळू बनवते, यात वाद नाही. पण दया कोणावर करायची याची यादी ती आधीच खिशात घालून देते. आणि ही यादी खिशातून निघून कायद्याच्या पुस्तकात शिरली की व्यक्तीचे मत हे राज्याचे धोरण होऊन बसते.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात नेमके हेच झाले. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती हे बेकायदा स्थलांतरित नव्हेत, असे कायद्याने ठरवले. मार्च २०२४ मध्ये त्याचे नियमही लागू झाले. बांधवांनो, या यादीत बौद्ध आहेत. आपले नाव यादीत पाहून आपल्यातल्या काहींना बरे वाटले, हे मी ऐकले आहे. चितगावच्या डोंगरातून हाकलले गेलेले चकमा हे बौद्ध आहेत, त्यांना आसरा मिळालाच पाहिजे. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी बांधवांची वसाहत १९७० च्या दशकापासून नांदते आहे, त्याचाही आनंदच आहे. पण आसरा त्यांच्या दुःखाला मिळाला की त्यांच्या धर्माच्या रकान्याला, हा प्रश्न विचारल्याशिवाय बौद्धाने टाळी वाजवू नये.

कारण यादीत कोण नाही तेही पाहिले पाहिजे. भूतानचे उदाहरण घ्या. ते राज्य बौद्ध. १९९० च्या आसपास त्या राज्याने नेपाळी बोलणाऱ्या आपल्याच रहिवाशांना, ज्यांत बहुसंख्य हिंदू होते, कागदपत्रांच्या छाननीत परके ठरवले आणि एक लाखाच्या आसपास माणसे देशोधडीला लावली. ती माणसे नेपाळच्या छावण्यांत सतरा-अठरा वर्षे राहिली, मग त्यांतली बहुतेक अमेरिकेत व इतरत्र गेली. हिंदूंच्या छळाचा कळवळा असणाऱ्या कायद्यात भूतानचे नाव नाही. श्रीलंकेच्या तामिळांचे नाही. आणि म्यानमारमध्ये चीवर पांघरलेल्या काही भिक्खूंनी रोहिंग्यांविरुद्ध जी भाषणे केली, ती आपण बौद्ध म्हणून मान खाली घालून ऐकली पाहिजेत. छळणारा कोण आणि छळला जाणारा कोण, हे धर्माच्या नावावरून ओळखता येत नाही. भूतानमध्ये छळणारे आपले आहेत, चितगावात छळले जाणारे आपले आहेत. मोजमाप एकच लावले तर दोन्ही ठिकाणी उत्तर बरोबर येते. धर्म लावला तर एका ठिकाणी हमखास चुकते.

आता एक आक्षेप. तो आपल्याच सभांमधून अधूनमधून येतो आणि विरोधक तर तो फार आवडीने पुढे करतात. खुद्द बाबासाहेबांनीच लोकसंख्येच्या अदलाबदलीचा पुरस्कार केला नव्हता काय? केला होता. १९४० च्या पाकिस्तानविषयक ग्रंथात त्यांनी ग्रीस व तुर्कस्तानातील अदलाबदलीचा दाखला देऊन फाळणी झालीच तर अल्पसंख्याकांची अदलाबदल हाच टिकाऊ तोडगा, असे मांडले. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्यांनी पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना मिळेल त्या मार्गाने भारतात या, असे जाहीर आवाहन केले. हे लपवण्याचे कारण नाही. पण ते आवाहन का केले, हेही अर्ध्यावर सोडून चालणार नाही. सिंधमधील भंग्यांना पाकिस्तान सरकार ‘अत्यावश्यक सेवा’ म्हणून देश सोडू देत नव्हते. सवर्ण हिंदू निघाले तर जाऊ द्या, पण कराचीचे संडास आणि रस्ते कोण साफ करणार? १८ डिसेंबर १९४७ ला बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून या अडकवलेल्या माणसांना सोडवण्याची मागणी केली. त्यांच्यासमोर हिंदू नव्हता, हाताला घाणीचे काम बांधून ठेवलेला माणूस होता. काम हवे, माणूस नको, ही जी जगभरच्या परप्रांतीय मजुराची कथा आहे तिच्यात जात मिसळली की काय होते, ते कराचीने दाखवले.

आणि मग संविधान लिहिण्याची वेळ आली. ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत नागरिकत्वाची कलमे चर्चेला आली. एक कलम सोडले तर या कलमाइतका ताप मसुदा समितीला दुसऱ्या कोणत्याही कलमाने दिला नाही, असे बाबासाहेब तेव्हा म्हणाले. लाखो निर्वासित येत होते, रक्त अजून वाळलेले नव्हते. अशा वेळी एक दुरुस्ती आली : जो धर्माने हिंदू किंवा शीख आहे आणि दुसऱ्या देशाचा नागरिक नाही, तो कुठेही राहत असला तरी भारताच्या नागरिकत्वाला पात्र असावा. ही दुरुस्ती मांडणारे कोण होते? आपल्याच वऱ्हाडचे डॉ. पंजाबराव देशमुख!

हे नाव वाचून महागावचा वाचक थबकेल, आणि थबकावेच. भाऊसाहेबांनी शिवाजी शिक्षण संस्था काढली म्हणून वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची पोरे शिकली. अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून ते उभे राहिले. मागासवर्गीयांसाठी त्यांनी केलेले काम कोणी नाकारू शकत नाही. त्यांना मनुवादी म्हणण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण चांगला माणूस चांगल्या हेतूने काय मागू शकतो, हे त्यांच्या दुरुस्तीत दिसते. त्यांचा युक्तिवाद साधा होता : मुसलमानांना पाकिस्तान मिळाले, मग हिंदू-शिखांनी जायचे कुठे? आमच्या टपरीवरचा दुसरा गृहस्थ हेच बोलत होता, शहात्तर वर्षांनी.

संविधान सभेने ही दुरुस्ती स्वीकारली नाही. कलम पाचमध्ये जन्म, आईवडिलांचा जन्म आणि पाच वर्षांचा रहिवास या कसोट्या आल्या. पाकिस्तानातून आलेल्यांसाठी कलम सहामध्ये १९ जुलै १९४८ ही तारीख आली, त्यानंतर आलेल्यांसाठी नोंदणी आली. पाकिस्तानात जाऊन रीतसर परवान्याने परत आलेल्यांना जागा देणारे कलम सातही राहिले. त्या कलमाचा फायदा परतणाऱ्या मुसलमानांना होईल म्हणून त्यावर सभागृहात जोराची टीका झाली, तरी ते राहिले. तारीख, रहिवास, परवाना, नोंदणी या सगळ्या कसोट्या कायद्याच्या आहेत, कठोरही आहेत. पण धर्म हा शब्द त्यांत कुठे नाही. फाळणीच्या आगीत बसून ज्यांनी हे लिहिले, त्यांना निर्वासितांचे दुःख कमी कळत होते काय?

वाचकांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ वाचलेलाच आहे. सिद्धार्थाने घर का सोडले, याची जुनी कथा बाबासाहेबांनी नाकारली. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे, तर रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात युद्ध पेटवण्याच्या शाक्य संघाच्या ठरावाला विरोध केला म्हणून त्याने परिव्रज्या घेऊन देश सोडला, असे त्यांनी मांडले. म्हणजे आपला शास्ता हा देशाबाहेर पडलेला माणूस आहे! आणि यातली एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. सिद्धार्थाने संघाचा ठराव चूक आहे असे सांगितले, पण संघाचा शिक्षा देण्याचा अधिकार नाकारला नाही. कायदा मोडून पळाला नाही. पुढे त्याने जो धम्म सांगितला त्यात नीती हीच पायाभूत, देवाची मर्जी नव्हे. आणि नीती ही टोळीपुरती असेल तर ती टोळीचेच रक्षण करते, असा बाबासाहेबांचा रोख होता. ‘आपल्यांपुरती दया’ ही या अर्थाने नीतीच ठरत नाही, ती फार तर भाऊबंदकी.

बरे, इतके तत्त्वज्ञान बाजूला ठेवू आणि कागदावर येऊ. कारण हा कायदा शेवटी कागदावर चालतो, आणि कागद कोणाकडे नसतो हे महागाव तालुक्याला वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. विमुक्त भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. जात पडताळणीसाठी ज्याने खेटे घातले त्याला ‘कोतवाल बुक’ म्हणजे काय ते विचारा. गावात कोणाकडे मूल जन्मले, कोण मेले, याची नोंद कोतवालाच्या बुकात. कोतवाल बहुतेक गावांत आमच्याच समाजाचा. साऱ्या गावाच्या जन्माची वर्दी देणारा तो, आणि त्याच्याच नातवाला आज स्वतःच्या आजोबाचा जन्म सिद्ध करता येत नाही! नोंद सापडली तरी त्यात मुलाचे नाव नसते. बापाचे नाव, जात, ‘मुलगा’, संपले. तो मुलगा म्हणजे मीच, हे साठ वर्षांनी कसे सिद्ध करायचे? अर्ध्या नोंदी वाळवीने खाल्लेल्या, उरलेल्या मोडीत.

तांड्यावरची गोष्ट याहून बिकट. बाई ऊसतोडीला गेलेली असते, बाळंतपण फडात किंवा गाडीत होते. जन्म सातारा-कोल्हापूरकडचा, गाव महागाव तालुक्यातले, शाळेतली तारीख गुरुजींनी अंदाजाने टाकलेली. ज्या समाजांना इंग्रजांनी जन्मतः गुन्हेगार ठरवले होते आणि १९५२ पर्यंत ज्यांना पोलिसांत हजेरी द्यावी लागत होती, त्यांतल्या किती कुटुंबांना नोंदीच्या वहीचे प्रेम वाटेल? अशा घरांनी मुलांच्या शिक्षणासाठी, निराधार योजनेसाठी उशिरा जन्मदाखले काढले. १९६९ च्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती होऊन हे अधिकार न्यायालयाकडून महसूल अधिकाऱ्यांकडे आले, म्हणून ते तालुक्याच्या ठिकाणी मिळू लागले. मग मोहीम सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने हे दाखले देणेच थांबवले, मार्चमध्ये जाहीर प्रसिद्धी व पोलीस अहवालाची कडक पद्धत आणली, पुढे नायब तहसीलदारांच्या सहीचे दाखले अधिकाराबाहेरचे म्हणून रद्द करण्याचे आदेश निघाले आणि नोव्हेंबरमध्ये नुसत्या आधार कार्डावर दिलेले दाखलेही रद्द करण्यास सांगण्यात आले.

सही करण्याचा अधिकार नायब तहसीलदारास होता की नव्हता, हे शासनाने पाहायचे होते. ज्याच्या हातात दाखला पडला त्याने ते कसे पाहावे? चूक साहेबाची आणि संशयित आई! शेंदुरसनीची टोळी संगणकातून सत्तावीस हजार जन्म घडवते आणि त्याच वाऱ्याने खऱ्या बाळंतपणाचा दाखला उडून जातो. नाव मुसलमानी असेल तर त्याच कागदाला बांगलादेशाचा वास येऊ लागतो, एवढाच फरक.

आमच्या तालुक्याला सीमा म्हणजे काय हे माहीत नाही असेही नाही. धनोड्याच्या पुलावरून माहूरला जाताना आज कोणाच्या ध्यानीमनी येत नाही, पण १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत पैनगंगेचा अलीकडचा काठ स्वतंत्र भारत होता आणि पलीकडे निजामाची मोगलाई. उमरखेडला मुक्तिसंग्रामाचा सीमेवरचा कॅम्प होता. रझाकारांच्या धाकाने नदी ओलांडून माणसे इकडे आली. त्यांची नातवंडे आज याच तालुक्यात आहेत. त्यांना कोणी घुसखोर म्हणते काय? आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बंजारा बांधव हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन अनुसूचित जमातीच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्याच मोगलाईचा जुना कागद शोधण्याची धडपड सुरू झाली. एक कागद माणसाला घडवतो आणि एक बुडवतो, हे या तालुक्याने दोन्ही बाजूंनी पाहिले आहे.

कायदा नाव पाहून चालला की काय होते, ते जून २०२५ मध्ये मुंबईच्या आसपास दिसले. पश्चिम बंगालमधले काही मुसलमान मजूर बांगलादेशी म्हणून पकडले गेले आणि सीमेपार ढकलले गेले. बंगाल सरकारने कागद दाखवल्यावर ते भारतीयच निघाले आणि परत आणावे लागले. पाठीशी एक राज्य सरकार उभे राहिले म्हणून ते परतले. आमचा ऊसतोड मजूर परराज्यात असा अडकला तर त्याच्या पाठीशी कोण? मुकादम?

त्याच वर्षी ५ फेब्रुवारीला अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. हातात बेड्या, पायात साखळ्या. त्यात महाराष्ट्रातलेही तिघे होते. ही माणसे बेकायदा गेली होती हे खरे, अमेरिकेला त्यांना परत पाठवण्याचा अधिकार आहे हेही खरे. तरी देश संतापला, आणि तो संताप योग्य होता. तिकडे तेव्हाच एक वाद रंगला होता. उपाध्यक्ष व्हान्स यांनी ख्रिस्ती नीतीचा हवाला देऊन सांगितले की प्रेम आधी घरच्यांवर, मग शेजाऱ्यावर, मग देशावर आणि उरले तर जगावर. पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेच्या बिशपांना पत्र लिहून याला उत्तर दिले : वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलणारा शोमरोनी आठवा. एकाच धर्माचे दोन माणसांनी काढलेले दोन अर्थ! म्हणून तर राज्याने आपला कायदा अशा अर्थांवर टांगून ठेवू नये. बेड्या पाहून संतापलेल्यांनी मुंबईच्या त्या मजुरांसाठी किती अश्रू ढाळले, हे ज्याचे त्याने पाहावे.

मग अंमलबजावणी करूच नये काय? करावी. देश म्हटला की सीमा आली, आणि कोण आत आले हे पाहण्याचा हक्क राज्याला आहे. मात्र संविधानाचे कलम चौदा आणि एकवीस ‘नागरिक’ म्हणत नाहीत, ‘व्यक्ती’ म्हणतात. म्हणजे जो परका ठरेल त्यालाही नोटीस, सुनावणी आणि लेखी निकाल यांचा हक्क आहे. १९४६ च्या विदेशी नागरिक कायद्याने मी परका नाही हे सिद्ध करण्याचा बोजा माणसावर टाकला होता. सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने तो तसाच ठेवला. इंग्रजाने गुलाम मुलखासाठी केलेली तरतूद स्वतंत्र देशाला इतकी प्रिय का व्हावी? आसामात २०१९ च्या यादीतून एकोणीस लाख माणसे गळली, त्यांत हिंदूही कमी नव्हते. बोजा गरिबावर टाकला की तो सगळ्याच गरिबांवर पडतो, मग धर्माची यादी कुठवर वाचवणार?

महागाव तालुक्यापुरते सांगायचे तर शेंदुरसनीची टोळी आणि आपल्या तांड्यावरची आई ही दोन प्रकरणे आपण एकत्र होऊ देता कामा नये. २०२३ नंतर दिलेल्या उशिरा जन्मदाखल्यांपैकी किती रद्द झाले, कोणत्या गावचे, कोणत्या कारणाने, आणि रद्द करण्यापूर्वी संबंधितास लेखी नोटीस दिली होती काय, ही माहिती तहसील कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही नाही. ज्यांचे दाखले रद्द झाले त्यांनी शाळेचा दाखलखारीज रजिस्टरचा उतारा, अंगणवाडीची लसीकरणाची नोंद आणि असल्यास कोतवाल बुकाची नक्कल काढून ठेवावी. गावातल्या शिकलेल्या पोरांनी हे अर्ज लिहून द्यावेत, आणि लिहिताना कोणाचे आडनाव विचारू नये.